‘स्मिथ’ : एका आडनावाची व्युत्पत्ती आणि व्याप्ती

१

आडनाव हा भाषेतील सर्वांत छोटा दस्तऐवज होय. एक-दोन अक्षरांत तो एखाद्या कुळाचे गाव, धंदा, पूर्वजाचे नाव अथवा त्याच्या अंगचे व्यंग जपून ठेवतो, आणि ज्यांच्याजवळ तो असतो त्यांना बहुधा त्याचा अर्थ ठाऊक नसतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या दस्तऐवजाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. कादंबरीतील पात्राचे आडनाव ही कादंबरीकाराने केलेली निवड असते, आणि अनुवादकापुढे ते न सुटणारे कोडे होऊन बसते. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील सर्वांत सामान्य समजल्या जाणाऱ्या ‘स्मिथ’ या आडनावाचा विचार करावयाचा आहे. हा शब्द कोठून आला, तो इतक्या लोकांचे आडनाव कसा झाला, आणि त्याचा मूळ अर्थ लोपल्याने काय साधले, हे तीन प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारतीय भाषांतील ‘लोहार’, ‘कर्मकार’ इत्यादी आडनावांशी तुलना अपरिहार्य होते.

२

‘स्मिथ’ म्हणजे लोहार, हे उत्तर कोणताही इंग्रजी कोश देईल. परंतु ते अपुरे आहे. प्राचीन इंग्रजीत आणि तिच्या भगिनीभाषांत या शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक होता. हाताने वस्तू घडविणारा तो ‘स्मिथ’. मग ती वस्तू धातूची असो वा लाकडाची. प्राचीन नॉर्समधील ‘स्मिडर’ हा शब्द सुताराला आणि चांभारालाही लागत असे. इंग्रजी ‘स्माइट’ (प्रहार करणे) या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह पूर्वीपासून अनेकांना झाला आहे. ऐरणीवर घाव घालणारा तो स्मिथ, असे ते समीकरण. परंतु हे समीकरण कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही. प्राचीन इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ ‘माखणे, डागाळणे’ असा होता. प्रहाराचा अर्थ त्याला नंतरच्या काळात आला. त्यापूर्वीच ‘स्मिथ’ हा शब्द रूढ होता. अनेक व्युत्पत्तिकार त्याचे मूळ ‘धारदार हत्याराने कापणे, कोरणे’ अशा अर्थाच्या धातूत पाहतात आणि ग्रीकमधील कोरीव कामाच्या सुरीचा वाचक ‘स्मिले’ हा शब्द त्याच्या शेजारी ठेवतात.

या व्यापक अर्थाचा साहित्यिक पुरावा अधिक मनोवेधक आहे. प्राचीन इंग्रजी काव्यात योद्ध्याला युद्धाचा ‘स्मिथ’, विद्वानाला ज्ञानाचा ‘स्मिथ’, तर इतरांना हसविणाऱ्याला हास्याचा ‘स्मिथ’ म्हटलेले आढळते. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘इंगलिंग सागा’त ओडिन आणि त्याचे पुरोहित यांना गीतांचे ‘स्मिथ’ म्हटले आहे. काव्य ही घडविण्याची वस्तू आहे आणि कवी हा तिचा कारागीर आहे, ही कल्पना भारतीय अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही. वैदिक ऋषी आपल्या सूक्ताविषयी बोलताना ‘तक्ष्’ हा सुतारकामाचा धातू योजतात. सुताराने रथ घडवावा तसे आपण स्तोत्र घडविले, असे ते म्हणतात.

अर्थाच्या प्रवासातही असेच साम्य आढळते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात देवांच्या उत्पत्तीचे वर्णन करताना ब्रह्मणस्पतीला भाता फुंकणाऱ्या ‘कर्मारा’ची उपमा दिली आहे. ‘कर्मार’ हा शब्द ‘कृ’ धातूच्या परिवारातला, म्हणजे व्युत्पत्तीने ‘काम करणारा’ असाच. परंतु प्रत्यक्षात तो धातुकाम करणाऱ्याला लागला. पालीतील ‘कम्मार’ आणि बंगालीतील ‘कामार’ ही त्याचीच रूपे. लॅटिनमधील ‘फाबेर’ची कथाही वेगळी नाही. मुळात कोणताही कारागीर तो फाबेर. लोखंडाचा की लाकडाचा हे सांगण्यासाठी जोडीला विशेषण लावावे लागे. पुढे मात्र त्याच्यापासून निघालेल्या फ्रेंच ‘फेव्र’चा अर्थ केवळ लोहार असा उरला. इंग्रजी, संस्कृत आणि लॅटिन या तीनही भाषांत ‘घडविणारा’ हा सामान्य शब्द लोखंडाच्या कारागिरावर येऊन स्थिरावला, हे लक्षणीय आहे. कारण उघड आहे. सुताराची वाकस, शेतकऱ्याचा फाळ, शिंप्याची सुई आणि सैनिकाची तलवार लोहारच घडवितो. इतर सर्व घडविणारे ज्याच्यावर अवलंबून असतात, त्यालाच ‘घडविणारा’ ही संज्ञा मिळाली.

३

लोहाराविषयीच्या या आदराला जर्मानिक पुराणकथेत एक चेहरा मिळाला आहे, तो वेलंडचा. कैदेत पडलेल्या, पायाच्या शिरा तोडून पंगू केलेल्या आणि तरीही आपल्या कारागिरीच्या बळावर राजाचा सूड घेऊन निसटणाऱ्या या लोहाराची कथा उत्तर युरोपभर पसरली होती. ‘बेवुल्फ’ या महाकाव्यात नायकाचे चिलखत वेलंडने घडविलेले आहे. ‘डिओर’ या लघुकाव्याचा आरंभच वेलंडच्या यातनांनी होतो. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या आठव्या शतकातील ‘फ्रँक्स कास्केट’ या देवमाशाच्या हाडाच्या पेटीवर तर एका बाजूला वेलंडची भट्टी आणि तिला लागूनच बाल येशूचे दर्शन घेणारे पूर्वेकडील ज्ञानी पुरुष कोरले आहेत. ऑक्सफर्डशरमधील एका नवाश्मयुगीन दफनस्थळाला लोक आजही ‘वेलंडची भट्टी’ म्हणतात. हे नाव इ. स. ९५५ च्या सनदेत आढळते.

अनुवादाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट याच संदर्भात येते. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या, बोएथियसच्या तत्त्वज्ञानग्रंथाच्या प्राचीन इंग्रजी अनुवादात, मूळ ग्रंथात जेथे फाब्रिकियस या सच्छील रोमन पुरुषाची हाडे आज कोठे आहेत असा प्रश्न आहे, तेथे फाब्रिकियस काढून वेलंडला बसविले आहे. फाब्रिकियस या नावात अनुवादकाला ‘फाबेर’ ऐकू आला, आणि रोमच्या ‘लोहारा’च्या जागी त्याने आपल्या वाचकांच्या ओळखीचा लोहार आणला, असा याचा सर्वसाधारणपणे लावला जाणारा अर्थ आहे. विशेषनामाचे भाषांतर करता येते की नाही, हा वाद आपण आज घालतो. त्याचे एक उत्तर अकराशे वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे.

४

व्यवसायवाचक शब्दाचे आडनाव होणे ही स्वतंत्र घटना आहे. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी आनुवंशिक आडनावे जवळजवळ नव्हती. व्यक्ती ओळखण्यापुरती उपनामे होती, आणि ती व्यक्तीबरोबरच संपत. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात डरहम परिसरातील ‘एकेआर्ड स्मिथ’ अशी नोंद मिळते. या उपनामाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत तिची गणना होते. हा एकेआर्ड खरोखरच लोहारकाम करीत होता असे मानण्यास हरकत नाही. नॉर्मन सरदारांनी आपली जमिनीची वतने वंशपरंपरेने चालविताना नावेही वंशपरंपरेने चालविली. महसुलाच्या आणि न्यायालयाच्या कागदोपत्री व्यवहाराने ती पद्धत खालच्या थरांत नेली. साधारणपणे १४०० च्या सुमारास इंग्लंडच्या बहुतेक भागांत आडनाव स्थिर झालेले दिसते. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या डोईपट्टीच्या याद्यांत उपनाम एक आणि व्यवसाय दुसरा अशी माणसे भेटतात. त्या क्षणी ‘स्मिथ’ हे वर्णन न राहता नाव झाले, असे म्हणता येईल.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. मध्ययुगीन कारकून लॅटिनमध्ये लिहीत. त्यांच्या कागदांत ‘विलेल्मुस फाबेर’ असे आढळते. पण हा मनुष्य शेजाऱ्यांना ‘स्मिथ’ म्हणून ठाऊक होता की फ्रेंच वळणाने ‘ले फेव्र’ म्हणून, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. दफ्तराची भाषा एक आणि बोलण्याची दुसरी असली म्हणजे नावांच्या इतिहासात असा पडदा उभा राहतो. फार्सी दफ्तरांतून भारतीय नावे शोधणाऱ्यांना तो परिचित आहेच.

मूळ शब्दाला विशेषणे लागून त्याचे स्वतंत्र परिवारही झाले. ‘गोल्डस्मिथ’ म्हणजे सोनार, ‘ॲरोस्मिथ’ म्हणजे बाणांची टोके करणारा, ‘शूस्मिथ’ म्हणजे घोड्यांचे नाल करणारा. ‘नेस्मिथ’ हा सुऱ्या करणारा, तर ‘सिक्सस्मिथ’मध्ये सहा या संख्येचा काही संबंध नसून तो विळे करणारा आहे. ‘स्मिथसन’ हा लोहाराचा मुलगा. मात्र ध्वनिसाम्याने फसू नये. लंडनच्या सुप्रसिद्ध ‘स्मिथफील्ड’ बाजाराचा लोहारांशी संबंध नाही. मूळ शब्द ‘सपाट मैदान’ अशा अर्थाचा आहे.

५

आता संख्येचा प्रश्न. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्ममृत्यू-नोंदणी खात्याने १८५३ च्या अहवालात आडनावांची जी अंदाजी मोजदाद केली, तीत स्मिथ २,५३,६०० आणि जोन्स २,४२,१०० असे आकडे दिले आहेत. म्हणजे दर ७३ माणसांमागे एक स्मिथ. जोन्सची संख्या वेल्समधील पितृनामांच्या पद्धतीने फुगलेली आहे. स्मिथला मात्र असा एखादा प्रांत नाही. तो सर्वत्र आहे.

याचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की लोहार सर्वत्र होते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. शेतकरी लोहारांहून कितीतरी अधिक होते. तरी ‘शेतकरी’ अशा अर्थाचे आडनाव संख्येने स्मिथच्या जवळपासही पोहोचत नाही. उपनामाचे काम वेगळेपण दाखविण्याचे असते. ज्या गावात सगळेच नांगर धरतात, तेथे ‘नांगरधारी’ म्हणून कोणाला ओळखणार? लोहार मात्र गावात बहुधा एकच असे आणि तो नाही असे गाव नसे. गावापुरता एकमेव आणि देशभर सार्वत्रिक, हा दुर्मीळ योग लोहाराच्या ठिकाणी जुळून आला.

दुसरे कारण भाषिक आहे आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. विणलेले कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराला इंग्लंडच्या दक्षिणपूर्वेस ‘फुलर’, नैर्ऋत्येस ‘टकर’ आणि उत्तरेस ‘वॉकर’ म्हणत. व्यवसाय एक, पण आडनावे तीन झाली आणि संख्या विभागली गेली. ‘स्मिथ’ला असा बोलीभेद नव्हता. सर्व बोलींनी एकच शब्द वापरल्यामुळे सर्व लोहारांचे वंशज एकाच नावाखाली जमा झाले. हे सर्व स्मिथ एका पूर्वजाचे वंशज नव्हेत, हे वेगळे सांगावयास नको. हजारो गावांतील हजारो भट्ट्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे पेटल्या.

तिसरे कारण सत्तेचे आहे. १४६५ मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटने इंग्रजी अमलाखालील परगण्यांतील आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घेण्याचा हुकूम दिला. ते गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे असावे असे सांगताना धंद्यांच्या उदाहरणांत ‘स्मिथ’ स्पष्ट नमूद केले आहे. पुढील शतकांत ‘गब्हा’ (लोहार) या आयरिश शब्दापासून झालेली ‘मॅक गव्हन’सारखी आडनावे, विशेषतः कॅव्हन परगण्यात, मोठ्या प्रमाणावर ‘स्मिथ’ झाली. अमेरिकेत जर्मन ‘श्मिट’ आणि डच ‘स्मिट’ यांनी तोच मार्ग धरला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी कित्येकांनी मालकाकडून आलेले, तर कित्येकांनी स्वतः निवडलेले नाव म्हणून ‘स्मिथ’ लावले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत या आडनावाच्या २४,४२,९७७ व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय होत्या. यांच्यापैकी पुष्कळांच्या वंशवृक्षात इंग्लंडमधील एखादी भट्टी शोधणे व्यर्थ आहे.

युरोपभर लोहाराचे आडनाव असेच सर्वसामान्य आहे. फ्रान्समधील ‘लफेव्र’ आणि ‘फाब्र’, ब्रिटनीतील ‘ल गॉफ’, इटलीतील ‘फेर्रारी’, पोलंडमधील ‘कोवाल्स्की’, रशियातील ‘कुझ्नेत्सोव्ह’, हंगेरीतील ‘कोवाच’, एस्टोनियातील ‘सेप’ ही सगळी एकाच भट्टीवरची नावे. अरबी जगातील ‘हद्दाद’ त्यांचाच सोयरा होय.

६

इतक्या प्रसाराचा परिणाम असा झाला, की ‘स्मिथ’ या आडनावाने माणसाविषयी काही सांगणेच सोडून दिले. १६०५ मध्ये रिचर्ड वर्स्टेगनने, सरदार असो वा उमराव, स्मिथ म्हटला की तो भट्टीवरूनच आलेला, असे पद्यात बजावले होते. ज्याअर्थी बजावावे लागले, त्याअर्थी लोक ते विसरू लागले होते. पुढे प्रतिष्ठेची ओढ असलेल्या घराण्यांनी ‘स्मिथ’चे ‘स्माइद’ केले, इसेक्समधील एका सरदार घराण्याने स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर घातले, कोणी दुसरे आडनाव जोडून घेतले. चेस्टरटनने ‘हेरेटिक्स’ (१९०५) या पुस्तकात याची थट्टा केली आहे. ज्या नावात अग्नी, लोखंड आणि पुराणकथा आहे, ते नाव काव्यशून्य कसे, असा त्याचा सवाल आहे. त्याचे म्हणणे खरे असले तरी सामान्य वाचकाच्या कानाला भट्टी ऐकू येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच जॉर्ज ऑर्वेलला १९४९ च्या कादंबरीत नायकाचे नाव विन्स्टन स्मिथ ठेवता आले. पहिले नाव त्या काळच्या सर्वांत प्रख्यात इंग्रजाचे, आडनाव कोणाचेही. झेडी स्मिथ या लेखिकेचे, जिची आई जमैकाची, तेच आडनाव आहे आणि त्यावरून कोणी तिचा धंदा, वर्ग वा वर्ण ओळखू शकणार नाही.

भारताशीही या आडनावाचा संबंध आला तो याच सर्वसामान्य रूपाने. १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत ज्याच्या फौजेशी लढताना बापू गोखले पडले, तो जनरल स्मिथच. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील भिंतीवर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवणारा घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ. जगातील एक अनन्यसाधारण चित्र आणि त्यावर जगातील सर्वांत सामान्य नाव, असा तो योग आहे.

७

मग प्रश्न उभा राहतो तो असा : भारतात ‘लोहार’ हे ‘स्मिथ’ का झाले नाही? लोहार येथेही प्रत्येक गावात होता. महाराष्ट्रातील बलुतेदारीत त्याचे स्थान ठरलेले होते. फाळ, कोयते आणि विळे यांच्या बदल्यात त्याला पिकाचा वाटा मिळे. ‘लोहार’, बंगालमधील ‘कर्मकार’, कर्नाटकातील ‘कम्मार’, काश्मीरमधील ‘आहंगर’ ही आडनावे आजही आहेत. परंतु ती आपापल्या समाजाबाहेर गेली नाहीत. इंग्लंडमध्ये लोहाराचा मुलगा पाद्री झाला, त्याची मुलगी व्यापाऱ्याच्या घरी गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत नाव व काम यांची ताटातूट झाली. येथे विवाहाची कुंपणे जातीची होती. काम सुटले तरी जात सुटली नाही, आणि नाव कामाचे न राहता जातीचे झाले. म्हणून ‘स्मिथ’ ऐकल्यावर लोहार आठवत नाही. ‘लोहार’ ऐकल्यावर, तो माणूस शल्यविशारद असला तरी, जात आठवते. विसाव्या शतकात अनेक कारागीर समाजांनी ‘विश्वकर्मा’, ‘पांचाळ’ अशी नावे पुढे केली, अनेकांनी गावावरून ‘कर’ लावणे पसंत केले. त्यामागील प्रेरणा ‘स्माइद’ करणाऱ्या इंग्रजाच्या हौसेहून निश्चितच वेगळी होती. इंग्रजाला सामान्यपणा नको होता. येथे माणसाला सामान्य होण्याची मुभा हवी होती. दया पवार यांच्या १९७८ मधील आत्मकथनाचे ‘बलुतं’ हे शीर्षकच सांगते, की ती व्यवस्था शब्दांतून आजही बोलत असते.

याला एक अपवाद गोव्यात सापडतो, आणि तो नियम सिद्ध करणारा आहे. ‘फेरेरा’ हे पोर्तुगीज आडनाव लोखंडवाचक लॅटिन शब्दापासून झालेले. लोहारकीच्या किंवा लोखंडाच्या खाणीच्या जागेचे ते नाव. गोव्यातील कुटुंबांना ते धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून मिळाले. येथील फेरेरांचे पूर्वज लोहार होते असे त्यावरून ठरत नाही. शब्द परका असल्यामुळेच तो मुका राहिला.

८

या विवेचनाचा साहित्याच्या अभ्यासाशी असलेला संबंध आता स्पष्ट व्हावा. विन्स्टन स्मिथ मराठीत, हिंदीत वा बंगालीत आणताना अनुवादक ‘स्मिथ’ तसेच ठेवतो, आणि तो योग्यच करतो. आल्फ्रेडच्या पद्धतीने तेथे ‘लोहार’ किंवा ‘कर्मकार’ बसविला, तर शब्दार्थ साधेल आणि आशय बुडेल; कारण मूळ नावाचे कार्य कोणीही न असण्याचे आहे, तर या नावांचे कार्य कोणीतरी असण्याचे. ‘जोशी’ किंवा ‘पाटील’ घेतले तरी प्रश्न सुटत नाही. संख्या पुष्कळ, पण अर्थ बोलका. मराठीला ‘कोणीही’ म्हणावयाचे असते तेव्हा ती ‘सोम्यागोम्या’ म्हणते, म्हणजे आडनाव टाळते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ज्या सामान्य माणसाला दररोज वृत्तपत्रातून उभे केले, त्याला त्यांनी नाव दिले नाही. ही व्यंगचित्रकाराची सोय असेल. पण ती या देशाच्या नामव्यवस्थेवरील अचूक टिप्पणीही आहे. ज्या आडनावावरून जात कळत नाही, असे सर्वांचे आडनाव त्यांना सापडले असते, तर कोणते?

‘स्मिथ’ या शब्दाचा इतिहास अर्थ हरवण्याचा इतिहास आहे. भाषाशास्त्रज्ञ अशा घटनेची नोंद काहीशा खेदाने करतो, आणि वेलंडला विसरलेला स्मिथ काहीतरी गमावून बसला आहे हेही नाकारता येत नाही. तथापि त्या विस्मरणाने त्याला जे दिले, तेही मोजले पाहिजे. आपल्या आडनावांचे अर्थ अजून जिवंत आहेत, ही व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला सुखावणारी गोष्ट आहे. त्या आडनावांसह जगणाऱ्याला ती तशी वाटेलच असे नाही.